श्रीखंडातलं शिखर

ध्रुवाकडच्या अफाट बर्फातून एखादा खडकाळ सुळका डोकं वर काढतो, त्याला नुनाटक म्हणतात. हॅरोच्या शाळेत लेकीला त्याचं मॉडेल न्यायचं होतं आणि अख्ख्या वर्गात तिला आपलंच भारी हवं होतं. मी म्हणालो, "हात्तिच्या, एवढंच ना?" सुळका म्हणून बायकोचा वरवंटा ट्रेमध्ये उभा केला. तो पुण्याहून आणला तेव्हा विमान एका बाजूला कलून उडालं होतं. बर्फाला कापूस पुरेना, म्हणून पाडव्याचं सगळं श्रीखंड भोवती थापलं. अंटार्क्टिकाने मान खाली घातली असती.

दुपारी लेकीला आणायला गेलो, तर चमचे घेतलेल्या पोरांची रांग थेट शेजारच्या स्टॅनमोरपर्यंत. ट्रेमध्ये वरवंटा एकटाच, चाटूनपुसून लख्ख.

"बाबा, माझा बर्फ सगळ्यांनी खाल्ला."

"मग मॉडेलचं काय झालं?"

"टीचर म्हणाली, आइस कसा नाहीसा होतो ते फक्त माझ्या मॉडेलमध्ये नीट दिसलं. मी फर्स्ट आले."

संध्याकाळी बायकोने पुऱ्या तळल्या, पानं वाढली आणि फ्रिज उघडला. "अरे, श्रीखंड कुठंय?"

मी लख्ख वरवंटा पुन्हा धुवायला घेतला. लेकच गंभीरपणे म्हणाली, "क्लायमेट चेंज, आई."