कनेक्शन उद्या शिकवतो

माझं नाव तय्यब. पिंपळवंडीत फाट्याजवळ माझं मोटर भरायचं दुकान हाय. विहिरीवरची मोटर जळली की शेतकरी ती माझ्यापुढं आणून टाकतो, मी जळकी तार सोडून नवी भरतो. चाळीस वर्षं हेच. बायको कमरजहाँ तीन वर्षांमागं गेली, पोरगा जावेद पुण्यात. घरी बोलायला कोण न्हाई, म्हणून दुकानात मी मोटरींनाच शिव्या घालतो.

दिवाळीच्या सुट्टीत निरगुडसरची कल्याणी आली. कॉलेजात इलेक्ट्रिकल शिकती. म्हणाली, "चाचा, सुट्टीत हातानं काम शिकायचंय. शेवटी एक मोटर एकटीनं भरून सरांना चालवून दाखवायची. नाय जमलं तर वर्ष अडकंल." मी म्हणलं, "मी काय मास्तर हाय का? आन तार बोटं कापती." तरी दुसऱ्या दिवशी नवाच्या ठोक्याला दारात हजर. लई चिवट पोरगी.

आठवडाभरात ती जुनी वाइंडिंग सोडायला, वेढे मोजायला, खाचांत नवी तार बसवायला शिकली. वेढे मोजताना बोलायचं नसतं, गणती चुकती. ते झालं की मात्र आमी बोलत सुटायचो, तिच्या आईच्या गुडघ्यापासून माझ्या कमरजहाँच्या तापट डोक्यापर्यंत. अंधारात बिबट्याचं भ्या, म्हणून पाचच्या एसटीला मीच तिला पिटाळायचो. मग दुकान खायला उठायचं.

राहिलं व्हतं फकस्त कनेक्शन. तारांची टोकं कुठलं कुठं जोडायचं, सगळी मेख तिथंच. ते आलं की तिचं काम संपलं, ती चालली. म्हणून मी शिकवलंच न्हाई. कधी डोळे दुखत्यात म्हणायचो, कधी गिऱ्हाईक खोळंबलंय. "उद्या शिकवतो." जोडायची वेळ आली की पाठ फिरवून बसायचो. सांगायला लाज वाटती, पण खरं हाय ते.

सर शनिवारी येणार व्हते. शुक्रवारी शिकवू, असं मी मनाशी धरलेलं. आन सर शुक्रवारीच टपकले! माझ्या तोंडचं पाणी पळालं. पोरीचं वर्ष बुडवलं, मी बुडवलं. सरांना खरं सांगायला तोंड उघडलं, तवर कल्याणीनं स्वतः भरलेल्या मोटरीची टोकं हातात घेतली व्हती. एकेक खरवडलं, पिळलं, बांधलं. कुठं अडली न्हाई. बटण दाबलं, मोटर झकास फिरली. सरांनी वहीवर सही केली आन गेले.

"कवा आलं गं तुला हे?"

"नवव्या दिवशीच. जळक्या मोटरी सोडताना जोडणीचं चित्र काढून घेत व्हते."

"मग बारा दिवस गप का बसलीस, भवाने?"

पिशवी भरता भरता ती म्हणाली, "मी गेल्यावर तुमी कुणाशी बोलणार, चाचा?"

मी खेकसलो, "चल नीघ, दोनची एसटी चुकंल." तिला गाडीत बसवून दुकानात आलो, आन ढसाढसा रडलो. एकसष्ट वर्षांचा बाप्या, भर दुपारी, शटर सताड उघडं.