मानपाड्याहून ठाणे, तलावपाळीच्या बोटीतून

लडाखला जायचं मी एका फोनवर ठरवलेलं. डोंबिवलीतल्या मानपाड्याहून ठाण्याला जायला मात्र मला महिने लागले.

एचआयव्ही आहे हे कळल्यापासून माझी झोप उडालेली, आणि अलीकडे गोळ्याही चुकवायला लागलेलो. सरकारी दवाखान्यातल्या ताई म्हणाल्या, गोळ्या मी देते, पण मनात चाललंय ते कुणाशी तरी बोल. एचआयव्हीवाले, गे, ट्रान्स अशा सगळ्यांसाठी एक संस्था मोफत समुपदेशन करते. त्यांची डोंबिवलीतही खोली आहे, पण डोंबिवलीत मी शिंकलो तरी संध्याकाळी आईला कळतं. म्हणून हुशारी करून ठाण्याची वेळ घेतली.

स्कूटी काढली. शीळफाट्याला चहा प्यायलो, मुंब्रा बायपासला डोंगराचे फोटो काढले. (मेट्रोच्या कामामुळे रस्ता अरुंद झालाय, वेळ धरून निघा.) ठाण्यात पोचल्यावर मिसळ खाल्ली. तरी वेळ उरला, म्हणजे मी उरवला, आणि तलावपाळीला पायडलच्या बोटीत बसलो. बोटवाल्याने विचारलं, मॅडम येतायत का, थांबू का? नाही म्हटलं. सरही येत नव्हते, पण ते त्याला सांगितलं नाही.

केंद्र एका झेरॉक्सच्या दुकानावर आहे. खरं नाव सांगायची सक्ती नाही, हाक मारायला कुठलंही सांगा. मी ऐटीत 'विक्रांत' सांगून वळलो, तर समोरच्या खुर्चीत आमच्याच बिल्डिंगच्या कुलकर्णी काकू.

मी जिन्यात पळालो. मागून चपला वाजल्या.

"अरे थांब. मीच पळणार होते, तू आधी पळालास."

झेरॉक्सच्या मशीनशेजारी उभ्या राहून त्यांनी सगळं सांगितलं. बंगळुरूला असलेल्या त्यांच्या मुलाने फोनवर सांगितलं, मला मुलगे आवडतात. काकूंनी फोन ठेवून दिला. तेव्हापासून तो फक्त वडिलांना फोन करतो. त्याच्याशी कसं बोलायचं ते विचारायला त्या आलेल्या, आणि इथे डोंबिवलीचं कुणी भेटणार नाही म्हणून ठाण्याला. मग मीही माझं सांगितलं. दवाखान्याबाहेर पहिल्यांदाच.

"गोळ्या घेतोस ना?"

"चुकवतो कधीकधी."

"गाढव आहेस." त्यांनी पदराने डोळे पुसले. "तू वर नाही आलास तर माझीही हिंमत होणार नाही. आणि मला माझ्या मुलाशी बोलायचंय रे."

वर गेलो. रिसेप्शनवरची मुलगी हसत होती. म्हणाली, ठाण्याचे लोक कल्याणला जातात, आणि आमच्याकडे निम्मी डोंबिवली बसलेली असते.

आत मी आधी बराच वेळ ट्रेकच्या गप्पा मारल्या. समुपदेशक बाईंनी मारू दिल्या. मग गप्पा संपल्या आणि मी रडलो. त्याचे फोटो नाहीत.

परतताना काकू मागे बसल्या. मला नाक्यावरच सोड म्हणाल्या, सोसायटीत नको. नाक्यावर गाडी थांबवली, पण त्या उतरेनात.

"चल, आत घे," शेवटी म्हणाल्या. "मुलगा आला की त्यालाही काय नाक्यावरच उतरवू?"

आईला सांगणं टाळायला मी आधी भुकेचं निमित्त काढलं. जेवण झाल्यावर मात्र सांगितलं. ती खूप रडली, आणि आता मी गोळी गिळेपर्यंत समोरून हलत नाही. काकू गॅलरीतून ओरडतात, घेतलीस का रे? बिल्डिंगला वाटतं, चहाबद्दल विचारतायत.

हे सगळं काकूंना विचारून लिहिलंय, आडनाव बदललंय. त्यांचा मुलगा गणपतीला येतोय. कल्याण स्टेशनवर त्याला घ्यायला मी जाणार आहे. काकूंनी बजावलंय, वाटेत कुठे बोटीत बसायचं नाही, आणि गाडी थेट गेटच्या आत आणायची.