वीतभर राहिलेलं लुगडं

गंगू, मी शहापूर सोडलं त्या दिवशी तुझी आई चुलीपुढून उठली नाही. तू दोन वर्षांची, उंबऱ्यावर बसून भाकरीचा तुकडा चोखत होतीस. तुझे आजोबा, म्हणजे आमचे आप्पा, माझी वळकटी खांद्यावर घेऊन पुढं चालले होते. शहापूर संस्थानात आणि बेळगावचं स्टेशन इंग्रजांच्या हद्दीत, म्हणजे परमुलखाला जायला आम्हाला थोडं चालणंच पुरायचं. गाडी हलली तेव्हा आप्पा म्हणाले, "जेवत जा येळंवर." मी हूं म्हणालो. रडू आलं नाही. अण्णाला, तुझ्या वडलांना, जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं, आणि त्या वर्षात मला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं.

सोलापुरात मिलमध्ये बदली म्हणून लागलो. सकाळच्या भोंग्याला गेटवर उभं राहायचं. कुणी आजारी पडला की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, बोट दाखवणार आणि त्याच्या साच्यावर, मिलच्या मागावर, आपण उभं राहायचं. घरी खड्ड्यात पाय सोडून विणायचो, इथं पाळीभर उभा. घरी नुसत्या धोट्याच्या आवाजावरून कुणाचा माग चाललाय ते कळायचं. इथं खात्यात इतका गलका, की शेजारच्याशीही खुणांनी बोलायचं. मला ते बरं पडलं. पुढं कायम झालो, चाळीत खोली मिळाली, बायको आली, मुलं झाली. चांगलं चाललंय, असं दर दिवाळीला तुम्हाला लिहीत आलो.

मानमोडीचा ताप आला त्या साली, मी निघायच्या आदल्या वर्षी, आपल्या गल्लीतले निम्मे माग थांबले. विणकराचं हातावर पोट. त्यातून माग एकट्यानं चालत नाही, धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरायला दुसरं माणूस लागतं, आणि तेही अंथरुणाला. सूत देणारा व्यापारी निपाणीकडचा, जैन, घरात कानडी बोलणारा. तो तोंडाला फडकं बांधून गल्लीत आला. "मग्ग निल्लबारदु," म्हणाला, "माग थांबला न्हाय पायजे. सूत मी देतो, जोंधळं मी देतो. दर शनवारी गाडी यील. ज्या घरचं लुगडं पुरं, त्या घराला आठवड्याचा शिधा." भला माणूस. त्याच्या जोंधळ्यावर गल्ली जगली.

पण तापानं पडलेल्या घरानं लुगडं पुरं करायचं कसं? तोड आप्पांनी काढली. शेतकरी इर्जिक घालतात, एकमेकांच्या शेतात राबतात, तसंच मागावर करायचं. ज्या घरात धडधाकट माणूस, त्यानं आजारी घराला हात द्यायचा. मात्र लुगडं मागावरून उतरेपर्यंत उठायचं नाही. विणणारा मध्येच बदलला की फणीचा ठोका बदलतो, कापडात पट्टा दिसतो, आणि असलं लुगडं पुरं धरलं जात नाही. "हात दिला म्हंजे दिला," आप्पा म्हणाले.

मला कृष्णाप्पाच्या घरी दिलं. आपल्यापासून चार घरं सोडून. तो, त्याची बायको, तिन्ही पोरं, सगळे तापानं फणफणत होते. आपल्या मागावर अण्णा होता. गुरुवारी अण्णा आडवा झाला आणि शनिवारी दुपारी गेला. मी तेव्हा कृष्णाप्पाच्या मागावर होतो.

"सख्खा भाऊ चार घरांवर, आन् तुमी सांगावा न्हाय धाडला?" तुझ्या आईनं आप्पांना विचारलं. आप्पा खाली बघत म्हणाले, "न्हाय धाडला. हात दिलावता." त्यानंतर ती त्यांना रोज वाढायची, पण बोलली नाही. परवाच्या पत्रात तू आप्पा गेल्याचं कळवलंस आणि लिहिलंस की आई शेवटपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही. "आजोबा लई कठोर हुते," असंही लिहिलंस. ते वाचल्यापासून तीन पाळ्या मी साच्यावर उभा राहिलो आणि काय विणलं ते मला सांगता यायचं नाही.

सांगावा धाडला नव्हता हे खरं आहे, गंगू. आप्पा स्वतः आले होते.

कृष्णाप्पाच्या दारात उभं राहून म्हणाले, "ऊठ रं. अण्णा बोलवाय लागलाय."

मी लुगड्याकडं बघितलं. म्हणालो, "वीतभर ऱ्हायलंय, आप्पा. गाडी यील आता. एवढं काढतो नि आलोच."

त्यांनीही लुगड्याकडं बघितलं. एक वीत विणायला किती वेळ जातो ते त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक. ते वळून परत गेले.

आतल्या खोलीत कृष्णाप्पाची पोरं खोकत होती. हे कारण मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. पण त्या वेळी मनात पोरं नव्हती, वीत होती. हाताला लय लागली होती, ठोका झकास बसत होता, आणि मला उठावंसं वाटलं नाही. तापच आहे, उतरेल, असं वाटलं. निम्म्या वितीवर तुझ्या आईची किंकाळी ऐकू आली. मी ती ओळखली. ओळखूनही उरलेली वीत पुरी केली.

लुगडं गाडीत गेलं, कृष्णाप्पाच्या घरात जोंधळे आले, त्याची तिन्ही पोरं जगली. आणि तुझी आई आप्पांना विचारत होती तेव्हा मी तिथंच भिंतीला टेकून उभा होतो. माझ्याकडं न बघता त्यांनी सगळं आपल्या अंगावर घेतलं. मी तोंड उघडलं नाही. ती त्यांच्यापुढं मुकाट्यानं ताट ठेवायची, शेजारी माझंही ठेवायची, आणि माझ्याशी चांगलं बोलायची. वर्षभर मी ते खाल्लं. पोटासाठी सोलापूरला गेला, असं गल्ली म्हणते. मी त्या पंगतीतून उठून आलो. याची लाज मला वाटते. बाकी फारसं काही वाटत नाही.

इथं कुणी गाव विचारलं की मी अजून शहापूर सांगतो. पण त्या गावात माझं खरं एकट्या आप्पांना ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असूनही त्यांनी मला जेवायला बसू दिलं. माझं घर तेवढंच होतं. हे पत्र तुझ्या आईला वाचून दाखव, मोठ्यानं, काही न गाळता. त्यानंतर ती 'ये' म्हणाली, तरच येईन.