हिरोईन वऱ्हाडी बोलली तर?

परवा आमच्या ऑफिसच्या अ‍ॅन्युअल डेला मी हिरोईन होते. हसू नका, भांडून मिळवलाय रोल...

नाटुकलं रोमँटिक कॉमेडी होतं. लिहिणारा आणि बसवणारा आमच्याच टीमचा मंदार, राहणार शनिवार पेठ. पहिल्या दिवशी कँटीनमध्ये सगळ्यांना जमवून त्यानं मला मोलकरणीचा रोल देऊन टाकला. "तू अकोल्याची ना? तुझं वऱ्हाडी काय धमाल येईल!"

हिरोईन अजून ठरायची होती. पण ती कशी हवी, ते ठरलेलं... गोरी, नाजूक, कॉफी पिता पिता पुस्तक वाचणारी, शुद्ध बोलणारी. म्हणजे प्रेम करायचं ते प्रमाण भाषेत, आणि आमच्या बोलीनं फक्त फरशी पुसायची!

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "हिंदी सिनेमातली मोलकरीण मराठी बोलली की ग्रुपवर किती तणतणतोस रे तू! मग हे काय आहे?"

"अगं, ते वेगळं. हिरोईन वऱ्हाडीत प्रपोज करायला लागली तर लोक हसतील."

"हसू देत. हिरोईन मीच करणार आणि माझ्याच भाषेत करणार. मोलकरीण तू हो."

हिरोच्या मित्राचं काम मुरुगनकडे होतं. मूळचा मदुराईचा, पण इतकी वर्षं पुण्यात राहून मिसळीवर आमच्याशी वाद घालणारा. तो शांतपणे म्हणाला, "मग माझे ते सगळे 'अय्यो' पण काढ. मी कधी म्हणतो का रे तसं?" मंदारनं तोंड वाकडं केलं... पण काढले. मोलकरीणही उडाली.

स्क्रिप्टमध्ये हिरो विचारतो आणि ती नुसती लाजते, असं होतं. तेही मी बदलून घेतलं. स्टेजवर तो सीन आला तेव्हा मात्र वाटलं, लोक मलाच हसले तर संपलंच सगळं...

"पाय रे, मले तू आवडतो. आता तुह्यं काय हाय, थे सांग लवकर!"

लोक हसले. पण हिरोची उडालेली तारांबळ बघून! मग टाळ्या, शिट्ट्या... विंगेत मंदार म्हणाला, "ठीक होतं." शनिवार पेठेत याला कौतुक म्हणतात.

काल आईला व्हिडिओ पाठवला. लगेच तिचा फोन. "लय मस्त बोलली वं बाई! पन हिरोईन कोनती व्हती त्याच्यात?"

"मीच वं आई."

ती हळूच म्हणाली, "अशी बोलते, तरी?"

मुरुगन, थँक्यू रे, तू त्या दिवशी बोललास. आणि मंदार, पुढच्या वर्षीची स्क्रिप्ट मी लिहिणार आहे. आईच्या त्या 'तरी'साठी.