त्यांच्या हातचे चार प्लग

आमच्या पिकअपचं इंजिन पुढे नाकात नव्हतं, सीटखाली होतं. ड्रायव्हरची आणि बाजूची सीट उचलली की खाली सगळा कारभार उघडा. पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी, सेकंडहँड घेतलेली. उन्हाळ्यात बूड भाजायचं, आणि इंजिनाला काही दुखलंखुपलं की ते आधी बसणाऱ्याच्या मांड्यांना कळायचं. माझा नवरा म्हणायचा, या गाडीचं दुखणं कानानं नाही, बुडानं ऐका लागते. घरात बायामाणसांसमोर असं बोलायची त्यांना लाज नव्हती.

त्यांचं मुख्य काम गाडीचं. गावातून आर्णीच्या बाजारात माल न्यायचा, तिकडून लोकांचं सामान आणायचं. शेत आमचं थोडकं, पण त्यातला कापूस ते स्वतः बघायचे. त्या वर्षी कापूस माणसाच्या डोक्यावर गेला होता. बोंडअळी येणार, येणार म्हणत जो तो पाठीवर पंप घेऊन शेतात. एवढ्या उंच कापसात शिरून फवारायचं म्हणजे औषध झाडावर पडो न पडो, तोंडावर पडायचंच. भादव्याचं ऊन, वारा पडलेला. हे दिवसभर फवारून आले, अंघोळ केली, भाकर अर्धी ठेवली आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंगणात गाडीची सीट उचलली. प्लग बदलायचे म्हणून नवे कधीचे आणून ठेवले होते. गाडीचं काम ते दुसऱ्याला करू देत नसत. गॅरेजवाल्याला दिलं तर तो घाईत काहीतरी सैल ठेवतो, असा त्यांचा पक्का समज. आवळलेलं परत खोलताना माणसाच्या तोंडून शिवी निघाली पाहिजे, तर ते खरं आवळणं, असं ते सांगायचे. मी चूल सारवत होते. त्यांनी हाक मारली, "बॅटरी आण वं जरा. अंधार हाय आतमधी."

अंगणात लख्ख ऊन होतं. मी म्हटलं, "दिवसाढवळ्या बॅटरी? म्हातारे झाले काय तुमी?" ते हसले. मी बॅटरीचा उजेड आत धरून उभी राहिले. मधूनच ते डोळे चोळत होते. काल फवारताना डोळ्यांत घाम गेला म्हणाले. चारही प्लग बसवून झाले, गाडी सुरू केली, छान बोलली. मग सीट खाली टाकून म्हणाले, जरा पडतो. सकाळच्या पारी कधी पडणारा माणूस नव्हता तो.

संध्याकाळी तोंडातून लाळ गळायला लागली. यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. तिथे फवारणीचं विष भिनलेले आमच्यासारखे खूप होते, एका खाटेवर दोघं. तिसऱ्या दिवशी हे गेले. त्या हंगामाबद्दल पुढे पुष्कळ बोललं गेलं, लिहिलं गेलं. मला त्यात भर घालायची नाही. मी गाडीबद्दल सांगते आहे.

गाडी मी चालवायला लागले. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात यांनीच मला रिकाम्या वावरात शिकवली होती, तेव्हा सगळं गाव बांधावर उभं राहून हसलं होतं. आता कोणी हसलं नाही. कापूस फुटला तशी मी वेचणीच्या बायांना शेतोशेती न्यायला-आणायला लागले. आणि त्याच सुमाराला गाडी थरथरायला लागली.

आधी नुसतं उभ्या गाडीत. बाजूची रिकामी सीट बारीक हलायची, तिच्यावरचं रेक्झिन उडायचं. गाडी पळायला लागली की थांबायचं. मग हळूहळू पळतानाही. एकटी असले की मी तिकडे बघत नसे. समोर रस्त्यावर डोळे ठेवायचे आणि डाव्या हाताला कोणीतरी बसून कापतं आहे, हे अंगाला कळत राहायचं. एकदा आर्णीहून येताना मी न राहवून म्हटलं, "थंडी वाजते काय?" आणि माझाच आवाज ऐकून मला घाम फुटला.

बायांनी ते माझ्याआधीच ओळखलं होतं. पूर्वी पुढच्या सीटसाठी त्यांची भांडणं व्हायची, आता सगळ्या मागे माल भरायच्या डाल्यात दाटीवाटीनं उभ्या. पुढे ये म्हटलं की एकमेकींकडे बघायच्या. शेवटी एक जण बोललीच, "तिथं ते बसून असतेत ना बाई. आमी कुठं बसाव?" मी तिला गाडीतून उतरवून दिलं. दुसऱ्या दिवशी परत घेतलं, कारण हात तिचा सगळ्यांत जलद होता.

आमच्या घरात भुताखेताला जागा नाही. आजेसासऱ्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच अंगारे, उतारे, लिंबू-मिरच्या सगळं घराबाहेर गेलं. आणि ती शिस्त सर्वांत कडक पाळणारी माझी सासू. माझ्या बाळंतपणात एका शेजारणीनं दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या आणल्या तर त्यांनी तिला दारातून परत पाठवलं होतं. म्हणून रोज सकाळी मी गाडी सुरू केली की त्या येऊन बाजूच्या सीटवर बसायला लागल्या, तेव्हा मला पहिल्यांदा काहीच समजलं नाही. कुठे जायचं नसायचं त्यांना. सीटवर तळवा ठेवून, डोळे मिटून बसायच्या. मी इंजिन गरम होईपर्यंत थांबायचे, मग त्या उतरून घरात जायच्या.

एकदा मी विचारलं, "आई, काय करता हे?"

"भूत नाही म्हणत मी," त्या म्हणाल्या. "भूत नसतेच. पण तो हाय."

दवाखान्यात तिन्ही दिवस त्या आपल्या मुलाच्या मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. कातड्याखाली मांस बारीक बारीक उडत होतं, ते थांबवायला डॉक्टर सुया देत होते आणि ते थांबत नव्हतं. शेवटी थांबलं तेव्हा सगळंच थांबलं. "तसंच उडून राह्यलं, पाह्य," त्यांनी माझा हात ओढून सीटवर ठेवला. "तसंच."

तसंच होतं. मी हात काढून घेतला आणि दिवसभर तो पदराला पुसत राहिले. मला त्यांचा राग आला. मी ते तीन दिवस विसरायला जिवाचं रान करत होते आणि या रोज सकाळी ते पुन्हा सुरू करून बसत होत्या. पण त्यांना एवढंच उरलं होतं.

मग एक दिवस नाल्याच्या चढावर गाडी बंद पडली. मागे बाया आणि वर कापसाची गाठोडी. गाडीनं दोन गचके दिले, दम सोडला आणि मागे सरकायला लागली. ब्रेक लागला, पण लागेपर्यंत मागून जो ओरडा उठला तो माझ्या पोटात अजून आहे. बाया उतरल्या आणि उरलेली वाट चालत गेल्या.

आर्णीचा मेकॅनिक यांच्या ओळखीचा. मुसलमान माणूस, मला भाभी म्हणायचा. त्यानं मांडी सीटला टेकवून गाडी ऐकली. एका बाजूनं चिट चिट असा आवाज येत होता, तो मलाही ऐकू आला. "भाभी, प्लग-कॉइल गये. चारों नये डालो. अर्ध्या घंट्याचं काम हाय." म्हणत त्यानं सीटच्या कडीला हात घातला.

"हात नका लावू," मी म्हटलं. इतकं मोठ्यानं की बाजूच्या दुकानातला माणूस वळून बघायला लागला.

मला तिथेच, उभ्या उभ्या कळलं की मला काय नको आहे. यांचे कपडे मी धुतले होते. चप्पल कोणीतरी घेऊन गेलं. पंप गावानं पुरला. पण सीटखाली ते चार प्लग अजून त्यांनीच आवळलेले होते. त्यांच्या मनगटाचा जोर जसाच्या तसा तिथे बसलेला होता. दुसऱ्या कोणाच्या पान्यानं तो सैल झालेला मला चालणार नव्हता. माझ्या हातानंही चालणार नव्हता, पण चढावर बाया ओरडल्या होत्या.

मेकॅनिक शहाणा. त्यानं कडीवरचा हात काढला. नवे प्लग, नव्या कॉइल आणि स्वतःचा लांब पाना माझ्याकडे दिला. "इंजिन थंडं होऊ द्या. एकेक करके खोला. नवा आधी बोटांनी बसवा, मग पान्यानं. जास्त कसू नका, आटे जातील."

घरी आईंनी पाना बघितला आणि दारातच बसल्या.

"नको खोलू."

"खोला लागते, आई. बाया मरतीन एखाद्या दिवशी."

"खोललं का मंग तो कुठं राहीन?"

मी सीट उचलली. त्या उठल्या नाहीत, पण तोंडही फिरवलं नाही. भिंतीला टेकून बघत राहिल्या.

काम खरंच सोपं होतं. वायरीची चिमटी दाबून काढायची, कॉइलचा एक नट खोलायचा, कॉइल मुळ्यासारखी वर ओढायची. खाली खोल भोकात प्लग. मी ड्रायव्हरच्या बाजूनं सुरुवात केली, कारण त्यांनीही तिथूनच केली होती. बॅटरी धरून मीच तर उभी होते.

पहिला हलेना. मी पान्यात नळीचा तुकडा अडकवला, पाय रोवला, सगळं अंग टाकलं. कट्ट आवाज झाला आणि तोंडातून शिवी निघाली. मला हसू आलं, आणि हसता हसता रडूही आलं, कारण हेच तर ते म्हणायचे. तो प्लग मी पुसून पदरात ठेवला. गरम नव्हता, तरी मला ऊब लागली.

दुसऱ्याला नळी लागली नाही. दोन्ही हातांनी निघाला. मला वाटलं, मला आता जमायला लागलं.

तिसरा एका हातानं निघाला.

चौथ्याची कॉइल ओढली तर तिच्या खालचं रबर जळून तडकलेलं. पाना आत सोडला, जोर लावायला पाय रोवला, आणि पाना नुसताच फिरला. मी पान्याचा दांडा काढला आणि आतला तुकडा बोटांनी फिरवला. दोन बोटांनी तो प्लग वर आला. काळा, एका बाजूनं भाजलेला. तो आवळलेलाच नव्हता; गाडीची थरथर इथूनच होती. बोटांनी बसवला होता आणि त्यापुढे त्यांच्यानं काही झालं नव्हतं.

मी खाली बसले. चारही प्लग ओळीनं समोर ठेवले. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. एका सकाळी, एका जागी उभं राहून, माझ्या डोळ्यांसमोर त्या माणसाच्या हातातला जोर असा उतरत गेला होता. आणि डोळे त्याच्याआधीच गेले होते. भर उन्हात अंधार दिसत होता त्यांना, आणि मी बॅटरी धरून हसत होते, आणि तेही हसत होते. चौथ्याला पाना फिरला नाही तेव्हा त्यांना कळलं असेल. सैल कामाला शिव्या देणाऱ्या माणसाला ते कळल्याशिवाय कसं राहील? तरी सीट खाली टाकून म्हणाले, जरा पडतो.

मी पाना अंगणात भिरकावला. "अरे माणसा, काहून सांगतलं नाही तू?" मी ओरडले. "इथं तर उभी होतो मी! इथं!" लग्नापासून त्यांना मी अरे-तुरे केलेलं नव्हतं. घसा बसेपर्यंत केलं.

आई उठून आल्या. त्यांनी पाना उचलला, लुगड्याला पुसला आणि माझ्या हातात दिला. ओळीनं ठेवलेल्या प्लगांकडे एकदा बघितलं. त्यांना त्यातलं काय समजलं, मला माहीत नाही.

मी नवे प्लग बसवले. आधी बोटांनी, मग पान्यानं. चारही सारखे आवळले. चौथ्याला हात थांबला, मग त्यालाही आवळलं, आणि मेकॅनिकनं सांगितलं होतं त्याहून थोडं जास्तच. कॉइल दाबल्या, नट लावले, चिमट्या टिचकल्या. आता त्या इंजिनात त्यांच्या हातचं काही उरलं नव्हतं. जे होतं ते माझ्या हातचं होतं. मला एकदम फार एकटं वाटलं.

सीट टाकली आणि चावी फिरवली. गाडी पहिल्या हाकेला उठली. आवाज एकसारखा, खालून नुसती मऊ घरघर. रेक्झिनवर धुळीचा कण हलत नव्हता.

आई नेहमीसारख्या बाजूला येऊन बसल्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. आता या रडतील, मला म्हणतील माझा पोरगा घालवलास, आणि त्यांचं चुकणारही नाही, असं मनाशी धरून मी स्टिअरिंग घट्ट पकडून बसले. त्यांनी तळवा सीटवर ठेवला. डोळे मिटले. मग त्यांनी तळवा थोडा पुढे सरकवला, थोडा मागे, तापलेल्या पोराचं कपाळ चाचपावं तसा.

"थरथर गेली त्याची," त्या म्हणाल्या.

मी गिअरवर हात ठेवला.

"बरं वाटलं वाट्टे माह्या लेकराले," त्या म्हणाल्या, आणि दवाखान्यातल्या त्या तीन दिवसांत मी एकदाही ऐकला नव्हता असा त्यांचा लांब, सुटलेला श्वास मी ऐकला. "चाल मंग. बाया वाट पाहून राह्यल्या असतीन."

त्या दिवशी त्या उतरल्या नाहीत. नाल्याच्या चढावर मी त्यांना घट्ट धरायला सांगितलं, तरी त्यांनी सीटवरचा हात उचलला नाही. गाडी न अडखळता वर चढली.