दत्तूसाठी भिजवलेला रस्ता

आमच्या दलाच्या नावात पोलीस आहे, म्हणून लोक विचारतात, "कोणत्या ठाण्याला होता?" आमचं ठाणं बर्फात होतं. चीनशी लढाई झाली त्या वर्षी डोंगरी सीमा राखायला हे दल उभं केलं. शांततेच्या काळात सगळ्यात पुढे आम्ही असतो, सैन्य मागे. गस्त घालायची, खिंडीपर्यंत जायचं, कुणी घुसलंय का पाहायचं, परतून रिपोर्ट द्यायचा. बाराही महिने.

त्या पोस्टवर बीडचे आम्ही दोघंच. मी आष्टीचा, सब-इन्स्पेक्टर. हेड कॉन्स्टेबल दत्तू कोळपे तेलगावजवळच्या एका वस्तीचा, मेंढपाळाच्या घरातला. दोघंच असलो की तो रँक विसरायचा. बूट काढता काढता म्हणायचा, "गावाकडं थेंब न्हाई, आन् हितं पाय ठिवायला कोरडी जागा न्हाई."

मार्चमधली सकाळ. स्वच्छ ऊन. गस्तीत दत्तू सगळ्यांच्या पुढे होता. उतार ओलांडताना वरचा बर्फ सुटला. मी वायरलेस सेट उचलला.

"बेस, हिमस्खलन. एक माणूस दबला. ओव्हर."

"बाकीचे?"

"सलामत. खणतोय. ओव्हर."

फावड्यांनी खणलं, मग हातांनी. दुपारी तो सापडला. श्वास नव्हता.

पार्थिव घेऊन मीच आलो. दुष्काळाचं साल. ऊस जळाला होता, सहकारी कारखान्याचा बॉयलर पेटलाच नव्हता. वस्तीला टँकर आला तर आला.

फाट्यावर गाडी थांबली. पुढचा रस्ता ओला होता. कारखान्याच्या चेअरमननी टँकर बोलावून पाणी मारून घेतलं होतं, धूळ बसावी म्हणून. टँकर अजून पुढे मारतच होता. ते हात जोडून म्हणाले, "साहेब, आपल्या जवानासाठी एवढं तरी."

कडेला बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. पॉलिश केलेल्या बुटांनी मी त्या पाण्यावरून चालत होतो. सलामीच्या गार्डच्या पुढे चालताना मान ताठ हवी. माझी होईना.

दत्तूची आई, सखूबाई, पुढे आली. शवपेटीकडे तिने पाहिलं नाही. टँकरवाल्याला म्हणाली, "बंद कर."

चेअरमन म्हणाले, "आक्का, दत्तूसाठीच हाय."

"त्यो बर्फात मेला. त्याला धूळ काय करती? बायांला भरू द्या." मग माझ्याकडे वळली. "साहेब, तुमी सांगितलं व्हतं का पानी मारायला?"

"न्हाई, माय."

खरं तेच सांगितलं. तरी खोटं बोलल्यासारखं वाटलं.

मी गार्डला विश्राम दिला. पेटी लिंबाखाली ठेवली. चेअरमननी स्वतः नळी धरली आणि घागरी भरून दिल्या. त्यांचीही नजर खालीच होती. शेवटची बाई निघाल्यावर आम्ही सलामी दिली. गर्दीत मागे कुणीतरी विचारलं, "पोलिसाला बी सलामी असती व्हय बे?" सखूबाईनं ते ऐकलं. मीही ऐकलं.

दलाच्या स्थापना दिनाला मी अजून जातो. शहिदांची नावं पुकारतात. पुकारणारा बहुतेक उत्तरेकडचा असतो, 'ळ' त्याच्या जिभेवर बसत नाही. "दत्तू कोलपे," तो म्हणतो. मी निवृत्तांच्या रांगेत सावधान उभा असतो. ओठातल्या ओठात म्हणतो, "कोळपे. दत्तू बिरू कोळपे."