बोटीत मधात कोणी बसत नाही

आमच्या संसारात उजवी बाजू माझी होती. रस्त्यानं चालताना मी यांच्या उजवीकडे, बसमध्ये उजवीकडे, पंगतीत उजवीकडे. माझ्या यजमानांचा डावा कान लहानपणी गालगुंडं झाली तेव्हा गेला होता. त्या बाजूनं कुणी कितीही प्रेमानं बोललं तरी यांचा चेहरा कोरा राहायचा, आणि माणसं उगाच दुखावायची.

मला बघायला आले तेव्हा मोठ्या माणसांसमोर हे आपली खुर्ची उचलून सरळ माझ्या डाव्या अंगाला आणून बसले. माझे मामा आत येऊन आईला म्हणाले, "पोरगा जरा जास्तच पुढचा दिसते." आईनं चहाचे कप तसेच धरून ठेवले होते. लग्न झाल्यावर कळलं, की मी काय बोलते ते यांना नीट ऐकायचं होतं, एवढंच.

अशा माणसाला छंद लागला तो स्टिरिओचा. मलाजखंडला तांब्याच्या खाणीत हे इलेक्ट्रिकचं काम करत. संध्याकाळी क्वार्टरच्या मागच्या खोलीत अॅम्प्लिफायर उघडून बसत. कॉलनीतल्या मंडळाचे, लग्नात साऊंड लावणाऱ्यांचे, विहारातल्या भोंग्याचे, सगळे डबे तिथं यायचे. दोन बाजूंनी दोन वेगवेगळे आवाज येतात आणि गाणं समोर पसरतं, ही गोष्ट यांना पुस्तकातून माहीत होती. अनुभव नव्हता. म्हणून काम झालं की मला हाक मारत.

मी शाळेत शिकवायची. पुस्तकात बोट घालून तशीच उठायची आणि दोन स्पीकरच्या बरोबर मधे मांडलेल्या खुर्चीवर बसायची. हे एक जुनं युगलगीत लावत. त्यात बासरी एका बाजूला होती आणि तबला दुसऱ्या. मी दोन्ही तळहात वर करून तराजूसारखे धरायची. ज्या बाजूचा आवाज जड, तो हात खाली. हे माझ्या हातांकडे बघत बटण फिरवत आणि हात एका रेषेत आले की थांबत.

"न्यायाधीश मॅडमचा फैसला झाला," म्हणत.

"तुम्ही काय ऐकता मग?" मी एकदा विचारलं होतं.

"मी तुह्ये हात पायतो," म्हणाले.

निवृत्तीनंतर आम्ही बालाघाटला घर बांधलं. खाणीतले यांचे एक जुने सोबतीही इथंच आले होते. बांधकामाची छोटी कामं घेता घेता त्यांनी एक फायबरची बोट घेतली, वर छत असलेली, आणि लामत्याच्या बाजूच्या एका तलावावर सहलीला येणाऱ्यांसाठी ती चालवायचं ठरवलं. त्यांना त्यात संगीत हवं होतं.

"भाऊ, पिकअप गाडीवर लावते तसं लावून दे, बस," ते म्हणाले.

"पिकअपले लोखंडाचं अंग असते," हे म्हणाले. "एक तार बॅटरीले, दुसरी अंगाले टेकवली, झालं. तुह्या बोटीले अंग कुठं हाये? गेलेली तार वापस बॅटरीपर्यंत आणा लागते. दुप्पट तार लागंन."

"लाव ना मग. तांब्याच्या खाणीत जिंदगी काढली आन तारेची कंजूसी काहून?"

त्या उन्हाळ्यात आम्ही कितीतरी दिवस तलावावर गेलो. किनाऱ्याला ओढून ठेवलेल्या बोटीत हे गुडघ्यांवर वाकून काम करत आणि मी उजव्या बाजूच्या बाकावर बसून वाचत. मागितलं की चिकटपट्टी द्यायची, तारेचं टोक धरून ठेवायचं. ओलाव्यानं तार आतून हिरवी पडते म्हणून यांनी कल्हई केलेली तार नागपूरहून मागवली होती. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. अॅम्प्लिफायर चालकाच्या सीटखाली, पण तळाला नाही, लाकडाच्या फळीवर उंच, कारण बोटीच्या तळाशी पाणी साचतंच. छताच्या कडेनं दोन्ही बाजूंना स्पीकर. तारा कुठंही लोंबत नव्हत्या. हे तार सोलत आणि आतली चकाकी मला दाखवत, "पाय वो, आपल्या गावचं तांबं." जगातलं सगळं तांबं मलाजखंडचं, असा यांचा विनोद होता. मी दर वेळी हसत असे.

एका दुपारी हे उठून उभे राहिले आणि बोटीकडे आडवं-उभं बघू लागले. दोन लांब बाक, डावा आणि उजवा, माणसं समोरासमोर बसणार. मधे फक्त जायला वाट, आणि लाइफ जॅकेटची पेटी.

"इथं मधात कोणी बसतच नाही," हे म्हणाले.

मला वाटलं, माझ्या खुर्चीबद्दल बोलतायत. "मी पेटीवर बसेन," मी म्हणाले. हे परत वाकून तार सोलू लागले.

पावसाळा लागला, बोट ताडपत्रीखाली गेली. सगळं जोडून झालं होतं. फक्त ऐकून बघायचं राहिलं होतं. ते पाऊस उघडल्यावर करू, असं ठरलं. पाऊस उघडायच्या आत यांना श्वासाचा त्रास सुरू झाला आणि आम्ही गोंदियाच्या एका दवाखान्यात गेलो.

तिथं यांची खाट भिंतीला लागून होती. उजव्या बाजूला भिंत, नळ्या आणि यंत्रं. खुर्ची ठेवायला जागा होती ती डाव्या बाजूला. मी नर्सबाईंना विचारलं, यांना उलट बाजूला डोकं करून झोपवता येईल का. त्या समजूतदार होत्या. त्यांनी नळ्या ताणून पाहिल्या आणि म्हणाल्या, पोहोचत नाहीत, ताई. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, त्यावरून वाकून पलीकडच्या कानापर्यंत जाणं जमेना. पहिले दिवस हे माझ्या ओठांकडे बघून समजून घेत. मग डोळे मिटलेलेच राहू लागले. मी बोलत राहिले. जे बोलायचं होतं ते सगळं त्या डाव्या कानाशी बोलले आणि हात दाबत राहिले. त्यातलं काय पोहोचलं, मला माहीत नाही. हे गेले तेव्हाही मी त्याच बाजूला होते.

थंडी पडू लागली तेव्हा बोटवाल्या भाऊजींचा फोन आला. बराच वेळ ते इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "वहिनी, बोट पाण्यात टाकाची हाये. सिस्टीम त्यानं लावली, आता चालू कोणी करावी? दुसऱ्या माणसाले हात लावू देऊ का? तुमी नाही म्हणाल तर तशीच राहू देतो, बिना गाण्याची चालवतो."

मी म्हटलं, मी येते. यांचं शेवटचं काम होतं ते. यांनी जसं योजलं तसं ते वाजावं, आणि ते वाजतंय हे ऐकायला मी असावं, याहून दुसरी इच्छा त्या दिवसांत माझ्याजवळ उरली नव्हती.

लग्नांत साऊंड लावणारे एक गृहस्थ आले होते. यांनी त्यांचे अॅम्प्लिफायर कितीदा तरी दुरुस्त केले होते. सीटखाली डोकं घालून ते बराच वेळ बघत राहिले.

"मॅडम, वायरिंग तो देखने लायक है," ते आतूनच म्हणाले. "आमच्या पोरायले दाखवाले पायजे." मग थोड्या वेळानं डोकं बाहेर काढलं. त्यांच्या हातात बामची रिकामी पत्र्याची डबी होती, तिला तारा जोडलेल्या. "फक्त इथं गडबड हाये. फोनमधून डावा-उजवा आवाज येते, तो सरनं या डबीत एकत्र करून टाकला. मंग दोन्हीकडं एकच वाजते. स्टिरिओच नाही राह्यला." त्यांनी डबी माझ्यापुढे धरली. "तब्येत बरी नसंन तवा."

मी डबी हातात घेतली. आतले टाके एकसारखे होते. पण शेवटच्या महिन्यांत हे चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधत असत, तेही मला आठवलं. थकले होते. चूक झालीही असेल. यांच्या नावावर चूक राहू नये असं मला वाटलं.

"नीट करा," मी म्हणाले.

त्यांनी डबी काढून मला दिली, तारा वेगळ्या जोडल्या. मी लाइफ जॅकेटच्या पेटीवर जाऊन बसले. यांच्या फोनवरचं तेच युगलगीत लावलं. बासरी उजवीकडे, तबला डावीकडे. माझे हात आपोआप वर आले. ते गृहस्थ बटणाकडे बघत होते. माझ्या हातांकडे कुणी बघत नव्हतं.

मग बोट पाण्यात गेली. भाऊजींच्या घरची मंडळी आली होती, ती हसत बोलत दोन्ही बाकांवर बसली. त्यांच्या सूनबाईंनी सरकून मला जागा केली ती डाव्या बाकावर. मागं इंजिन सुरू झालं आणि गाणं लावलं.

मला तबला ऐकू येत होता. बासरी नव्हती. म्हणजे असणार, समोरच्या बाकाच्या डोक्यावर, पण इंजिनच्या आवाजात ती इथवर येत नव्हती. गाणाऱ्या बाईचा आवाजही त्याच बाजूला होता. पुरुष एक ओळ म्हणायचा आणि मग नुसता तबला वाजत राहायचा, जणू समोरून कुणी उत्तरच देत नव्हतं. समोर बसलेले भाऊजी मात्र बासरीवर मान डोलावत होते.

तेव्हा मला ते वाक्य आठवलं. इथं मधात कोणी बसतच नाही.

माझ्या पर्समध्ये ती डबी होती. मी ती घट्ट धरून बसले. जन्मभर ज्याच्या वाट्याला एकच बाजू आली, त्याला बोट बघताच कळलं होतं की इथं प्रत्येकाला अर्धंच मिळणार. ज्या स्टिरिओसाठी आयुष्यभर मला खुर्चीवर बसवलं, तोच यांनी इथं उचलून बाजूला ठेवला होता. आणि यांनी मुद्दाम केलेली ती गोष्ट मी चूक समजून काढून टाकली होती.

किनाऱ्याला लागल्यावर मी डबी त्या गृहस्थांपुढे धरली. "ही परत लावा."

"मॅडम, मंग ते एकसारखंच वाजंन."

"हौ. तसंच पाहिजे होतं त्यांना. तुम्ही जरा या बाकावर बसून पाहा, इंजिन चालू ठेवून."

ते डाव्या बाकावर बसले. भाऊजींनी इंजिन आणि गाणं चालू केलं. थोडा वेळ त्या गृहस्थांनी मान वाकडी करून ऐकलं, मग पेचकस उचलला.

"आपल्याले सांगाले काय झालतं त्याले?" भाऊजी म्हणाले. "सांगितलं असतं तर मी हुज्जत घातली असती, म्हणून नसंन सांगितलं." आणि तोंड फिरवून तलावाकडे बघू लागले.

दुसऱ्या फेरीला मी पुन्हा डाव्या बाकावर बसले. आता पुरुषाची ओळ संपली की बाईची ओळ येत होती. बासरी होती, तबला होता. सूनबाई गुणगुणत होत्या. डावीकडे बसणाऱ्यालाही सगळं मिळावं, एवढी सोय यांनी परक्या माणसांसाठी करून ठेवली होती. स्वतःसाठी ती करता आली नाही. त्या खाटेजवळ मलाही करता आली नाही. मी पाण्याकडे तोंड केलं.

उतरल्यावर रस्त्यापर्यंत थोडं चालायचं होतं. पायवाटेच्या कडेला बेशरमाची झुडपं वाढली होती आणि माझ्या साडीला फांद्या लागत होत्या.

"वहिनी, मधातून चाला ना," भाऊजी मागून म्हणाले. "इतकी जागा हाये."

हौ म्हटलं आणि मधे आले. थोडं पुढं गेल्यावर पुन्हा उजव्या कडेनं चालू लागले.